अठ्ठावन्नाच्या पुढचा संसार

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्यानं मला सांगितलं की ते अठ्ठावन्नाच्या पुढं जगणार नाहीत. भोकरजवळच्या त्यांच्या गावाहून आम्ही एसटीनं नांदेडला येत होतो. मी खिडकीशी, मांडीवर ओटीचा नारळ.

"आमच्या घरात गडीमाणूस अठ्ठावन्नच्या पुढं जात न्हाई," ते म्हणाले. "आजा गेला, बाप गेला, थोरला चुलता बी गेला. आधीच सांगून ठेवलेलं बरं."

मला रडू आलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून दिला. पुढं हे वाक्य मला इतक्यांदा ऐकावं लागलं की त्या दिवशीच्या रडण्याची आता चीड येते. फुकट गेलं ते.

ते सरकारी खात्यात ओव्हरसियर होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. आधी नांदेड, मग काही वर्षं विष्णुपुरीच्या धरणाचं काम आणि शेवटी बदली लातूरला. तिथंच आम्ही घर बांधलं. मुलगा एकच. बाहेरून बघणाऱ्याला आमच्यासारखं सुरळीत घर दुसरं दिसलं नसतं. आत मात्र प्रत्येक गोष्ट त्या अठ्ठावन्नाला येऊन अडायची. वरचा मजला बांधू या का? "मी किती दिवस राहणार त्यात?" दात दुखतोय तर दाखवा की. "तेवढ्यापुरतं चालतंय." तुमच्या आई मला दिवसभर टाकून बोलल्या, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. "थोडी वर्षं राहिली माझी, सोसून घे." मरणारा माणूस निदान विमा तरी काढतो. यांनी तोही काढला नाही. "मेल्यावर मिळायच्या पैशाचा मला काय उपयोग?" म्हणाले. माझा उपयोग त्यांच्या हिशेबात कधी नव्हताच.

मी त्यांना 'अहो' म्हणते, इथंही 'ते' असंच लिहितेय. मनात शिवी देतानासुद्धा आदरार्थी देण्याची सवय लागून गेली आहे.

भूकंप झाला तेव्हा गणपती नुकतेच बुडवले होते. पहाटे मांडणीवरची भांडी एकदम खाली आली, दार आपोआप उघडलं आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. आमच्या घराला एक चीर पडली, बाकी काही नाही. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या. दोन दिवसांत खात्यानं यांना तिकडं पाठवलं. आधी ढिगारे उपसायला, मग नव्या वस्त्यांची आखणी करायला. कित्येक महिने ते तिकडं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. त्यांनी काय पाहिलं ते मला कधी नीट सांगितलं नाही. पाहिलं असणार, हे मी नाकारत नाही. पहिल्यांदा घरी आले तेव्हा अंगणात बसून अंघोळ करताना ते कितीतरी वेळ नुसतं पाणी अंगावर ओतत राहिले. मी साबण द्यायला गेले तर म्हणाले, "जा तू."

मला त्या वेळी त्यांची दया आली होती. मी दूध गरम करून दिलं, पाय चेपून दिले, शाळेतून लवकर यायला लागले. पण तिथून त्यांनी जे शिकून आणलं, ते माझ्या संसारावर आणून ओतलं. "दोन-दोन वर्षांचं धान्य भरून ठेवलं होतं लोकांनी. दगडी भिंती कमरेएवढ्या जाड. पोरीच्या लग्नाचे दागिने गाठोड्यात. कुठं गेलं? उद्यासाठी ठेवणारा माणूस मूर्ख." हे ते जेवताना बोलायचे, वरण वाढून घेता घेता.

मग त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मला अर्ज दिल्यावर सांगितलं. पेन्शनीचा विकता येईल तेवढा भाग विकला. जुनी गाडी घेतली आणि मित्रांना घेऊन देशभर फिरले. पुतण्यांना मोटरसायकली दिल्या. मी रोज शाळेत जात होते. किराणा, मुलाची फी, लाइट बिल, सगळं माझ्या पगारावर. मी काही बोलले की, "आता चारच वर्षं. तेवढी हसून काढ."

लातूरला तेव्हा पोरांचे लोंढे यायला लागले होते. बोर्डात नंबर यायचे, मेडिकलला जागा मिळायच्या, आणि बिलोली, देगलूर, उदगीर, कुठून कुठून आईबाप पोराला घेऊन एसटीतून उतरायचे. आमच्या घराच्या मागं, बाभळी होत्या तिथं, आमचा एक प्लॉट होता. माझ्या पाटल्या मोडून घेतलेला, पण नाव त्यांचं. तेव्हा तशीच रीत होती. एक दिवस ते पेढे घेऊन घरी आले.

"प्लॉट दिला," म्हणाले.

"कुणाला?"

"गिऱ्हाईक चांगलं मिळालं. क्लासवाला आहे."

"माझ्या पाटल्या होत्या त्यात."

"एवढी नोकरी करतीस, तुला पाटल्या कशाला?" आणि पेढा पुढं केला. मी तो घेतला नाही. तो पेढ्याचा पुडा मुंग्या लागेपर्यंत तसाच टेबलावर पडून राहिला, दोघांपैकी कुणी उचलला नाही.

प्लॉटच्या पैशातून त्यांनी जे केलं ते लातुरात अजून काही जणांच्या लक्षात आहे. सत्तावन्न पूर्ण झाल्यावर त्यांनी मंगल कार्यालय घेतलं आणि गावजेवण घातलं. भोकरपासून बिलोलीपर्यंतचे सगळे पाहुणे, खात्यातले साहेब, शिपाई, गल्ली. स्टेजवर सोफा. ते सोफ्यावर हार घालून बसलेले आणि हातात माईक. "माझं तेरावं जेवायला तुम्ही याल, पण मी नसेन," म्हणाले. "म्हणून आत्ताच जेवा. मला बघू द्या." लोक हसले, काही बायांनी डोळे पुसले. एक म्हातारी माझ्या हाताला धरून म्हणाली, "माय, आत्ताच कुंकू जास्त लावून घे." मी स्वतः पंगतीत बुंदी वाढत होते. रागानं बुंदी पानाबाहेर सांडत होती. लोकांना वाटलं, बिचारी.

त्यानंतर ते मेले नाहीत.

अठ्ठावन्नावं लागलं तेव्हा ते मऊ झाले होते. जुने कपडे वाटून टाकले, भावकीची भांडणं मिटवली, मला दोनदा सिनेमाला नेलं. वर्ष सरत आलं तसे गप्प झाले. छातीवर हात ठेवून बसायचे. अठ्ठावन्न सरलं. एकोणसाठ लागलं. चौकात लोक विचारायचे, "काय साहेब, कसं काय अजून?" आणि त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. ज्यांनी बुंदी खाल्ली होती त्यांची जणू यांनी फसवणूक केली होती. काही दिवस त्यांनी बाहेर जाणंच बंद केलं.

शेवटी मी त्यांना नांदेडला हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता. कागद बघून म्हणाला, "काका, तुमचं हार्ट माझ्यापेक्षा चांगलं आहे. आरामात नव्वद गाठाल."

यांचा चेहरा पडला. मी तिथंच, त्या डॉक्टरासमोर, हसायला लागले. हसू थांबेना. डॉक्टरला वाटलं आनंदानं हसतेय. त्यानं मला पाणी दिलं.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "तुला लई मजा वाटून राहिली."

"मजा नाही," मी म्हणाले. "तीस वर्षं आहेत अजून. ती तुम्ही कशावर काढणार ते सांगा."

त्यांनी खिडकीची काच सरकवली. पैसा संपला होता, गावची वडिलोपार्जित जमीन पुतण्यांच्या नावावर केली होती, आणि ज्यांना देशभर फिरवलं ते मित्र आता फोन उचलत नव्हते. राहता राहिली मी.

मी निवृत्त झाले तेव्हा माझी पेन्शन होती आणि घर होतं. फंडाच्या पैशातून मी वरचा मजला बांधला, ज्याला ते आयुष्यभर नको म्हणत होते, आणि मेडिकलची तयारी करणाऱ्या मुली ठेवल्या. खाली मेस. दोन बाया हाताखाली घेतल्या, पण भाजीची फोडणी माझी मीच द्यायची. मागच्या खिडकीतून आमचा जुना प्लॉट दिसायचा. त्यावर आता चार मजली होस्टेल होतं, संध्याकाळी प्रत्येक खिडकीत एकेक पोरगं पुस्तकावर वाकलेलं. पोळ्या लाटताना माझी नजर तिकडं गेली की माझं लाटणं जोरात फिरायचं.

ते दिवसभर ओसरीत खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्या मुलींना थांबवून बोलायचे. सुरुवातीला मी दुर्लक्ष केलं. मग कानावर यायला लागलं ते भलतंच होतं. "कशाला एवढं रट्टा मारताय? माणसाचा भरवसा नसतो. मी किल्लारीला पाहिलंय, तुमच्याएवढ्या पोरी होत्या, दप्तरं तशीच..." देगलूरकडची एक मुलगी होती, हुशार पण घाबरट, चाचणीत मार्क कमी पडले की जेवायची नाही. तिला त्यांनी एका दुपारी तासभर बसवून हे सगळं ऐकवलं. तिनं दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा बाप आला. धोतर, टोपी, हातात रिकामी पिशवी. माझ्याशी भांडला नाही. नुसतं म्हणाला, "बाई, पोरीला जगायला ठिवलं व्हतं हितं." आणि तिला नि तिचं सामान घेऊन दुसऱ्या घरी गेला. त्या आठवड्यात आणखी दोघी गेल्या.

मी ओसरीत गेले. ते पेपर वाचत होते.

"तुम्ही त्या पोरीला काय सांगितलं?"

"खोटं काय सांगितलं?"

"ती सतरा वर्षांची आहे."

"तिकडं सतराची बी होती, सातची बी होती."

"तिकडं तुम्ही काही महिने होता," मी म्हणाले. माझा आवाज चढला, वरच्या मुली जिन्यावर आल्या, मला पर्वा नव्हती. "तिकडच्या माणसांनी त्यानंतर घरं बांधली. पोरांची लग्नं केली. ज्यांचं सगळं गेलं त्यांनी पुन्हा पेरलं. तुमचं काय गेलं होतं? एक चीर पडली होती भिंतीला. तेवढ्यावर तुम्ही माझं सगळं आयुष्य मोडून खाल्लंत."

ते उठले. मला वाटलं मारतात की काय, चाळीस वर्षांत कधी हात उचलला नव्हता तरी. "माझ्या घरात माझ्यावर आवाज करतीस?" एवढंच म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट विचार केला. माझी आई नव्वदीच्या पुढं गेली होती, मावशी शंभरीला टेकली होती. माझ्या माहेरच्या बाया लवकर जातच नाहीत. म्हणजे हा माणूस जाईल म्हणून वाट बघण्यात काही अर्थ नव्हता, आणि मी जाऊन सुटेन असंही नव्हतं. दोघांनाही पुष्कळ जगायचं होतं. ते एका ओसरीत जगायचं नाही, हे मी ठरवलं.

नांदेडला माझी एक मैत्रीण आहे. जुन्या वस्तीतली. त्यांची पिढ्यान्‌पिढ्या शिलाई मशीन विकायची आणि दुरुस्त करायची दुकानं. ती उर्दू शाळेत शिकवायची, मी मराठीत, ट्रेनिंग कॉलेजात एका बाकावर बसलो. तिचा नवरा वारला होता, दोन्ही मुलं आखातात. तिला फोन केला तेव्हा मी रडणार नव्हते, पण रडले. ती म्हणाली, "रोती क्यूं गे? आजा इधर. मेरे कू बी अकेले घर खाने कू आता."

मुलगा पुण्याहून आला. सूनही आली. तिघं खाली बसलो, ते आत दार लावून.

"आई, या वयात वेगळं राहायचं? आणि तेही तिथं? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी बुंदी खाल्ली आहे. ते काही म्हणणार नाहीत."

"तू आमच्याकडं चल मग. बाळाला बघायला कुणी नाही, बाई टिकत नाही..."

"आणि तुझे बाबा?"

त्यानं सुनेकडं बघितलं. तिनं चहाच्या कपाकडं. "बाबांचं बघू काहीतरी," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. एकाला मी आयुष्यभर पोसलं, आता दुसरा मला मोलकरीण म्हणून न्यायला आला होता आणि त्याला आईची काळजी म्हणत होता. मी उठून आत गेले आणि बॅग भरली. मुली वरच्या मजल्यावर राहिल्या, मेस माझ्या हाताखालच्या बाईला चालवायला दिली. घरभाड्यातलं अर्धं मला, अर्धं त्यांना, हे मी त्यांच्या बंद दाराबाहेर उभी राहून मोठ्यानं सांगितलं. आतून खोकला आला.

नांदेडला पहिलं वर्ष सोपं गेलं असं कुणी समजू नये. मैत्रीण आणि मी रोज भांडायचो. तिला रेडिओ मोठा लागतो, मला पंखा. तिच्या फोडणीत लसूण फार, माझी भाजी तिला आजाऱ्याची वाटते. तिच्या गल्लीत माझ्याकडं बघायचे, माझ्या नातेवाइकांत तिच्याबद्दल बोलायचे. एका लग्नात माझ्या नणंदेनं विचारलं, "तिकडंच जेवतीस का गं?" मी म्हटलं, "हाव. आणि पोट भरतं." पण मैत्रिणीत आणि यांच्यात एक फरक होता. ती भांडली की पुढच्या उन्हाळ्याचं बोलायची. यंदा कूलर घेऊ, गच्चीवर शेड घालू, गुडघ्याचं ऑपरेशन आधी तू कर मग मी. आम्ही एकमेकींना स्पष्ट विचारलं, कोण आधी अंथरुणाला खिळली तर काय. तिनं मुलांना फोनवर सांगून टाकलं की मेल्यावर मातीचं काम तुम्ही करा, तोवर ही बघेल. मी माझ्या मुलाला तेच सांगितलं. तो दुखावला. दुखावू दे.

वर्षभरानं ते आले. दारात उभे, हातात बॅग, दाढी वाढलेली. मैत्रिणीनं खुर्ची दिली, चहा दिला आणि आत निघून गेली. ते घरभर बघत होते, दोन पलंग, दोन चष्मे, दोन औषधांचे डबे.

"घरी चल," म्हणाले.

"नाही."

"माझे किती दिवस राहिलेत आता?"

"ते तुम्हीच सांगत आलात. एकदाही बरोबर आलं नाही."

त्यांनी बशी खाली ठेवली. "तुला माझी कीवच नाही का?"

मी खरं तेच सांगितलं. "होती. अर्धी त्या पहिल्या एसटीत गेली, उरलेली किल्लारीनंतर. पाहुणे म्हणून या, जेवण मिळेल. राहायला मी येणार नाही आणि तुम्हीही इथं राहायचं नाही."

ते जेवले. दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या. मग स्टँडवर जायला रिक्षा बोलावली. मी दारापर्यंत गेले, फाटकापर्यंत नाही.

आता ते ऐंशीच्या पुढं आहेत. घरात मुली ठेवणं बंद करून त्यांनी मुलगे ठेवले, कारण मुलींचे आईबाप त्यांच्याकडं द्यायला तयार नव्हते. एक बाई येऊन फक्त त्यांचा स्वयंपाक करते. मेसवाली सांगते की साहेब आता पोरांना काही ऐकवत नाहीत, उलट पाणी कधी येणार, टँकर कधी, याच्या मागं असतात. ते मला फोन करतात, सिलेंडर संपला, मोटर बंद पडली, मीठ कुठल्या डब्यात. मी उत्तरं देते. एवढ्या वर्षांनी का असेना, त्यांना मीठ लागतं हे त्यांना कळलं.

माझे दोन्ही गुडघे झाले. मैत्रिणीचा एक झाला, दुसरा पुढच्या हिवाळ्यात. मी गोदावरीकाठी फिरायला जाते. रोज जाते असं नाही, कारण ऊन असतं आणि ती सोबत नसली की कंटाळा येतो.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज वेगळा होता, शब्द घसरत होते.

"काय झालं? बरं नाही का?"

"कवळी बसवली. दोन्ही बाजूची. लई झकास बसली. डॉक्टर म्हणतो, पंधरा वर्षं बघायलाच नको."

त्यांनी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग मी फोन ठेवून दिला. मैत्रिणीनं आतून विचारलं, "कौन था? क्या हुआ?" मी सांगितलं तर ती पलंगावर पडून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसू आलं नाही. संध्याकाळपर्यंत माझं डोकं ठणकत होतं, आणि भाजीत मी मीठ दोनदा घातलं.